घरच्या प्रिंटरवर गंजिफा

दशावतारी गंजिफ्याचा संच म्हणजे १२० पानं. आकडा ऐकूनच आपण माघार घेतो. पण हिशेब बघा: १० अवतार, प्रत्येकाची १२ पानं. एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. आकड्यांच्या पानांवर तेच चिन्ह पुन्हा पुन्हा येतं. मत्स्याला मासा, परशुरामाला परशू. म्हणजे चित्रं लागतात फक्त ३०!

ती मुलांना काढू द्या आणि फोटो घ्या. पुढचं काम विंडोजवर चालणारं 'नॅनडेक' हे मोफत सॉफ्टवेअर करतं. एक्सेलमध्ये एका ओळीत एक पान: अवतार, आकडा, चित्राचं नाव. तो तक्ता वाचून ते सगळी पानं मांडतं. त्यासाठी थोड्या आज्ञा लिहायला शिकावं लागतं. एखादी संध्याकाळ जातेच. सहा सेंटिमीटरची गोल पानं ए-४ कागदावर १२ बसतात, म्हणजे एका कागदावर एक अवतार. आधी एकच कागद छापा. 'कूर्म', 'कृष्ण' नीट उमटले का बघा. जोडाक्षरं फुटली तर शब्दच चित्र म्हणून टाका. आकडे मात्र देवनागरीच ठेवा. इंग्रजी शाळेतल्या मुलांना ते एरवी दिसतात कुठे?

नेटवरून सावंतवाडीची चित्रं उचलू नका. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी केली, २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर प्रत्येक पान हातानं रंगवतो. तसा संच हवा तर विकतच घ्या. घरच्या संचात वराह थोडा मांजरासारखा दिसला तरी चालेल.