गुडघेदुखी : चालावे, सायकल चालवावी की आसने करावीत?

"डॉक्टर, गुडघ्यातले वंगण संपले म्हणतात. आता चालणे बंदच ना?" माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आठवड्यातून दोनतीनदा तरी ऐकू येतो. विचारणाऱ्याच्या हातात एक्स-रेचा लिफाफा असतो आणि सोबतच्या मुलाने वा सुनेने मनोमन 'हो' असे उत्तर देऊनही टाकलेले असते.

कबूल करावयास हवे, की कित्येक वर्षे मीही "जिने टाळा, आराम करा" एवढेच सांगत असे. एका निवृत्त शिक्षिकेने हा सल्ला तंतोतंत पाळला. दोन वर्षांनी बाई पुन्हा आल्या तेव्हा गुडघा पूर्वीइतकाच दुखत होता. मांड्या मात्र पार वाळल्या होत्या आणि खुर्चीतून उठण्यास मुलाचा हात लागत होता. त्या दिवसापासून मी तो सल्ला देणे सोडले.

हाडांच्या टोकांवरील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवातून तिचे पोषण होते आणि सांध्यावर भार येत-जात राहिला, तरच तो द्रव तिच्यात नीट खेळतो. शिवाय प्रत्येक पावलाचा धक्का आधी मांडीचे स्नायू झेलतात. ते दुबळे झाले, की सारा भार सांध्यावर येतो. म्हणूनच व्यायाम हा या आजारावरचा मूळ उपचार आहे. गोळ्या आणि मलमे त्याच्या मदतीला.

मग कोणता व्यायाम? अमेरिकेत 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत साठी ओलांडलेल्या 439 रुग्णांचे तीन गट केले होते. एक गट चालला, दुसऱ्याने स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम केले, तिसऱ्याला केवळ आरोग्यविषयक माहिती दिली. दीड वर्षानंतर पहिले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा बरे होते. फरक माफक होता, पण होता. पुढे 2025 मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने 217 चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. वेदना, हालचाल आणि चाल या तिन्हींमध्ये चालणे, सायकल, पोहणे अशा दम वाढवणाऱ्या व्यायामांचे पारडे जड ठरले.

तेव्हा पहिली पसंती चालण्याला. सुरुवात सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटांची, सपाट जागेवर, पायात नीट बसणाऱ्या बुटांनिशी. पावसाळ्यात सोसायटीचे पार्किंग किंवा घरातला व्हरांडाही चालतो. काठी घ्यावी लागली, तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. दहापैकी आठजण ती चुकीच्या हातात धरून येतात! चालताना फार दुखत असेल, त्यांनी घरातली जागेवरची सायकल वापरावी. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवावी. तरणतलाव जवळ असेल, तर छातीइतक्या पाण्यात चालणे स्थूल व्यक्तींना फार सुखाचे जाते. पण ही सोय आपल्याकडे किती गावांत आहे?

स्नायूंच्या बळकटीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हल्ली जिममध्ये नेऊन आजोबांना वजने उचलायला लावणारे नातूही भेटतात. 2021 च्या एका अमेरिकन चाचणीत 377 रुग्णांपैकी काहींनी जड, तर काहींनी हलकी वजने वापरली. अठरा महिन्यांनी दोन्ही गटांच्या वेदनेत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि केवळ माहितीवर्गांना बसलेल्यांपेक्षाही ते फारसे पुढे नव्हते. तरीही मी हे व्यायाम सोडू देत नाही. शौचालयातून उठणे, बसची पायरी चढणे ही कामे मांडीच्या जोरावरच होतात. पाय लांब करून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा, तो पाच सेकंद खाली दाबून सोडावा. असे दहा वेळा. जमू लागले, की हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठावे-बसावे. खुर्ची भिंतीला टेकलेली असावी.

योगासनांनी तोल आणि लवचीकता सुधारते, मनही स्थिरावते. मात्र वज्रासन, पद्मासन, मलासन यांचा हट्ट नको. "तीस वर्षे करत आलो" हे कारण दुखऱ्या गुडघ्याला समजत नाही. खुर्चीवरील आसने आणि भिंतीच्या आधाराने ताडासन पुरेसे आहे.

व्यायाम करताना थोडे दुखले, म्हणजे झीज वाढली असे नव्हे. दहापैकी पाचपर्यंतचे दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झाले, तर तेवढाच व्यायाम चालू ठेवावा. न झाल्यास निम्मा करावा, बंद करू नये. गुडघा लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, पोटरी एकाएकी सुजली किंवा गुडघा अडकून बसला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. चालताना छातीत दुखले किंवा दम कोंडला, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

घरच्यांनाही एक विनंती. "तुम्ही बसा, मी आणते" हे वाक्य प्रेमाचे असते. पण दिवसातून वीस वेळा म्हटले, की आईची वीस वेळा उठण्याची संधी जाते. पाण्याचा तांब्या थोडा दूर ठेवावा आणि संध्याकाळी तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जावे. सोबत असली, की चालणे टिकते.

त्या बाईंना पूर्ववत होण्यास सात-आठ महिने लागले. गुडघा अजूनही दुखतो, विशेषतः थंडीत. पण दर महिन्याला पेन्शनसाठी बँकेत त्या आता एकट्या जातात. आणि वाटेत दवाखान्यात डोकावून, मी स्वतः रोज चालतो की नाही याची उलटतपासणी घेतात.