राक्षसामागचा माणूस : बोरिस कार्लोफ

१९३१ साली युनिव्हर्सलचा ‘फ्रँकेनस्टाईन’ झळकला, तेव्हा आरंभीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या भूमिकेपुढे नटाचे नाव नव्हते. होते केवळ प्रश्नचिन्ह. त्यामागे दडलेला नट म्हणजे बोरिस कार्लोफ. चव्वेचाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या नटाच्या खात्यावर तेव्हा सुमारे ८० चित्रपट जमा होते, पण नाव मात्र फारसे कुणाला ठाऊक नव्हते.

त्याचे मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म १८८७ साली लंडनमध्ये. वडील ब्रिटिश हिंदुस्थानच्या मीठ खात्यात अधिकारी होते. धाकट्यानेही सरकारी नोकरी धरावी, अशी घरच्यांची अपेक्षा. ती झुगारून १९०९ मध्ये त्याने कॅनडा गाठला. तेथे मोलमजुरी, फिरत्या नाटक मंडळ्या आणि पुढे हॉलीवूडमध्ये किरकोळ भूमिका, असा हा प्रवास. पोटासाठी त्याने ट्रकही चालवला.

‘फ्रँकेनस्टाईन’ हे वस्तुतः राक्षसाचे नव्हे, तर त्याला घडविणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव. राक्षसाला या चित्रपटात एकही संवाद नाही. रंगभूषाकार जॅक पिअर्स रोज सुमारे चार तास खपून त्याचा चेहरा घडवीत असे. परंतु चेहऱ्याची हालचाल झाकणारा मुखवटा मात्र त्याने टाळला. त्यामुळेच छतातून प्रथमच उतरलेला प्रकाश धरू पाहणारे राक्षसाचे हात आणि त्याची भांबावलेली नजर प्रेक्षकांच्या काळजाला भिडली. दिग्दर्शक जेम्स व्हेल यांच्या या चित्रपटात भीतीइतकीच करुणाही आहे, ती कार्लोफमुळे.

या यशाची किंमतही मोठी होती. जड बूट, अवजड पोशाख आणि तासांचे बंधन नसलेले चित्रीकरण यांमुळे त्याच्या पाठीचे दुखणे कायमचे जडले. म्हणूनच १९३३ मध्ये नटांच्या हक्कांसाठी ‘स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड’ ही संघटना उभी राहिली, तेव्हा संस्थापक सदस्यांत कार्लोफ होता, यात नवल नाही. स्टुडिओंचा रोष ओढवण्याचा धोका त्या काळी लहान नव्हता.

‘द ममी’ (१९३२), ‘ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाईन’ (१९३५), ‘द बॉडी स्नॅचर’ (१९४५) या चित्रपटांनी भयपटाचा नट हा शिक्का पक्का केला. त्याने त्याचा कधी तिटकारा केला नाही. १९६८ च्या ‘टार्गेट्स’मध्ये तर त्याने वृद्ध भयपट-नटाचीच भूमिका केली. रस्त्यावरच्या खऱ्या हिंसेपुढे आपले राक्षस आता कुणाला घाबरविणार, हा त्या नटाचा प्रश्न. पुढच्याच वर्षी, २ फेब्रुवारी १९६९ रोजी कार्लोफचे निधन झाले. प्रश्न मात्र आजही शिळा झालेला नाही.