हंगामी सांडपाण्याचे गणित

सक्रिय गाळ पद्धतीत जिवाणू सांडपाण्यातला सेंद्रिय मळ खातात आणि ब्लोअरच्या हवेतला प्राणवायू घेऊन वाढतात. आर्डर्न आणि लॉकेट यांनी ती १९१४ मध्ये मँचेस्टरला विकसित केली. टाकीतल्या या घडामोडींचे गणित १९८७ च्या ‘एएसएम-१’ मॉडेलने बांधले: १३ घटक, ८ प्रक्रिया आणि १९ स्थिरांक. स्थिरांकांच्या छापील किमती मात्र घरगुती मैलापाण्यासाठी, १० आणि २० अंश सेल्सियसला दिलेल्या आहेत. बारामती-इंदापुरात साखर कारखान्यांचे आणि दूध प्रकल्पांचे पाणीही वेगळे आणि ऊनही. म्हणून स्थानिक मोजमापांशी मॉडेलचा मेळ घालावा लागतो, हेच अंशांकन.

माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या छत्रपती साखर कारखान्यात उसाचे गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल चालते. एरवी साखर कारखान्याच्या टाकीतले जिवाणू उपाशी राहतात. अशा प्रकल्पाला वर्षाची सरासरी लावणे चुकीचेच.

सुरुवात स्थिरांकांपासून करू नये. आधी गाळाचा हिशेब: किती तयार होतो, किती काढतात, टाकीत सरासरी किती दिवस राहतो. हा ताळा चुकला तर पुढचे सगळे आकडे वाया. मग सीओडीची, म्हणजे मळ रासायनिक रीतीने जाळायला लागणाऱ्या प्राणवायूची, फोड: त्यातला किती मळ जिवाणू झटपट खातात आणि किती सावकाश. सांडपाणी गाळात मिसळून प्राणवायू किती वेगाने संपतो ते मोजतात. विरघळलेल्या साखरेने वेग झटकन चढतो आणि ती संपताच उतरतो. दूध प्रकल्पाच्या पाण्यातली चरबी आधी फुटावी लागते, म्हणून आलेख रेंगाळतो. बीओडी, म्हणजे मळ खाताना जिवाणूंनी वापरलेला प्राणवायू, भारतात २७ अंशांना ३ दिवसांनी मोजतात; त्या एका आकड्यात हा फरक दिसत नाही.

साखरेच्या पाण्यात नत्र आणि स्फुरद अपुरे असतात, म्हणून युरिया आणि डीएपी घालतात. मूळ एएसएम-१ मात्र जिवाणूंना ही पोषणद्रव्ये पुरेशी मिळतात असे धरून चालते. स्फुरदाचा तर त्यात हिशेबच नाही. डीएपी कमी पडल्याने वाढ खुंटली असेल आणि आलेख जुळवण्यासाठी वाढीचा वेगच घटवला, तर मॉडेल वरवर जुळते आणि खरे कारण झाकले जाते. अंशांकनातली ही सर्वांत घातक चूक आहे.

स्थिरांक बदलायचे तेही मोजकेच. वाढीचा कमाल वेग आणि अर्धसंपृक्तता स्थिरांक (अन्नाच्या ज्या प्रमाणाला वेग कमालीच्या निम्मा असतो ते प्रमाण) एकमेकांची चूक झाकतात. दोन्ही एकदम वाढवले तरी आलेख बराचसा तसाच राहू शकतो. त्यामुळे एक प्रयोगाने ठरवून दुसराच हलवावा. मग पडताळणी: जानेवारीच्या ऐन गाळपावर बसवलेले मॉडेल हंगाम सुरू होतानाच्या, आधी न वापरलेल्या नोंदींवर चालवावे. तिथे सीओडी आणि गाळाचे प्रमाण दोन्ही जुळले, तरच ब्लोअर किती चालवायचा हे त्या मॉडेलवरून ठरवता येते.