स्प्रिंगांनी केलेलं गणित

दोन्ही हात टेबलावर ठेवा आणि एका लयीत वाजवा: डावा, उजवा, उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, उजवा. मग पुन्हा पहिल्यापासून. ठोके सारख्या अंतराने पडत असतात, पण फक्त डाव्या हाताकडे कान दिला तर तो अडखळतोय असं वाटतं. कधी लागोपाठ दोन ठोके, कधी लांब खंड. १९६४ सालच्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओच्या इंजिनात आठ सिलिंडर याच क्रमाने पेटतात. चार डावीकडे, चार उजवीकडे, आणि दोन्ही बाजूंच्या धुराला वेगळी नळी. इंजिन एका लयीत चालतं, पण प्रत्येक नळीतून त्यातली निम्मीच लय बाहेर पडते, तीही तुटक. अमेरिकन मसल कारची ती घुमणारी, छातीत जाणवणारी गुरगुर या क्रमातून जन्माला येते.

ही गाडी मुळात एका नियमातून काढलेल्या पळवाटेचं फळ आहे. पॉन्टिअ‍ॅकची मालक कंपनी जनरल मोटर्समध्ये मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायला बंदी होती. पॉन्टिअ‍ॅकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरीन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन बसवून पाहिलं. ते सहज बसलं. नियम नव्या मॉडेलसाठी होता, म्हणून त्यांनी नवं मॉडेल काढलंच नाही. टेम्पेस्ट लमान्स घेणाऱ्याने सुमारे २९५ डॉलर जादा मोजले की जीटीओ मिळायची: ३२५ हॉर्सपॉवर, आणि तीन कार्ब्युरेटर घेतले तर ३४८. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या गेल्या.

त्या पळवाटेचा परिणाम आजचे मालक भोगतात. १९६४ आणि १९६५ च्या जीटीओचा चॅसिस नंबर साध्या लमान्ससारखाच आहे; गाडी जीटीओ आहे हे त्यावरून कळतच नाही. साध्या लमान्सला बिल्ले लावून जीटीओ म्हणून विकणं त्यामुळे सोपं झालं. खरं-खोटं ठरतं ते कारखान्याच्या मूळ कागदांवरून, म्हणून जाणता गिऱ्हाईक आधी कागद मागतो आणि मग बॉनेट उघडायला सांगतो.

बॉनेटखाली खरी नवलाई आहे. इंजिनाच्या मागच्या टोकाला डिस्ट्रिब्यूटर असतो, आपल्याकडच्या जुन्या गॅरेजांत त्याला डेल्को म्हणतात. कोणत्या सिलिंडरला कधी ठिणगी द्यायची हे तो ठरवतो. त्याच्या आत ‘पॉइंट’ नावाचा एक छोटा स्विच उघडतो आणि मिटतो, आणि उघडल्यावर त्याची फट जेमतेम ०.४ मिलिमीटर असते. इंजिन मिनिटाला ४,८०० फेरे घेत असताना सेकंदाला ३२० ठिणग्या लागतात. म्हणजे तो स्विच सेकंदात ३२० वेळा उघडझाप करतो!

पण ठिणगी नुसती पडून भागत नाही, वेळेवर पडावी लागते. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पूर्ण जळायला वेळ लागतो. इंजिन जितकं वेगाने फिरेल तितकी ठिणगी लवकर पडायला हवी, नाहीतर आग पसरेपर्यंत पिस्टन खाली निघून जातो. आज हा हिशेब संगणक करतो. जीटीओमध्ये तो दोन छोटी वजनं आणि दोन स्प्रिंगा करतात. डिस्ट्रिब्यूटर जोरात फिरू लागला की वजनं बाहेर फेकली जातात, स्प्रिंगा त्यांना आत ओढतात, आणि त्या ओढाताणीतून ठिणगीची वेळ ठरते. शिवाय एक रबरी पडदा इंजिनाच्या आतलं हवेचं शोषण जोखतो. गाडीवर भार कमी असला की मिश्रण सावकाश जळतं, तेव्हा तो पडदा ठिणगी आणखी लवकर पाडतो.

हा हिशेब डोळ्यांनी बघता येतो. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या वायरला टायमिंग लाइट जोडतात. ठिणगी पडली की हा दिवा क्षणभर लखलखतो. इंजिनाच्या पुढे फिरणाऱ्या जाड चाकावर एक बारीक खाच असते. ती नीट दिसावी म्हणून तिच्यावर खडू घासतात. चाक गरगर फिरत असतं, तरी दिव्याच्या उजेडात ती पांढरी रेघ जागच्या जागी थांबलेली दिसते, कारण दिवा दर दोन फेऱ्यांनी नेमक्या त्याच क्षणी लागतो. आता डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट ढिला करून त्याला केसभर फिरवा, रेघ सरकते. ती सहा अंशांवर आणा आणि बोल्ट घट्ट करा. मग हळूहळू अ‍ॅक्सिलरेटर द्या. रेघ आपसूक पुढे सरकू लागते. आत, नजरेआड, ती दोन वजनं पसरत असतात.

अशी गाडी सांभाळायची म्हणजे हा हिशेब चुकू द्यायचा नाही. पॉइंट झिजतात, स्प्रिंगा सैल पडतात, पडदा फाटतो. शिवाय भोवतालचं जग बदललंय. ही गाडी शिसंमिश्रित पेट्रोलसाठी घडवलेली. शिशाचा पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवायचा. तसं पेट्रोल अमेरिकेतल्या रस्त्यांवरून १९९६ मध्ये गेलं, भारतातून २००० मध्ये. लहान मुलांच्या आरोग्यासाठी ते जायलाच हवं होतं. म्हणून आता इंजिन खोललं की त्या बैठकीत कडक पोलादाच्या रिंगा बसवून घेतात. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. E20 आल्यापासून आपल्याकडचे जुन्या गाड्यांचे मालकही हे जाणतात. त्यावर उपाय म्हणजे इथेनॉल सोसणारे नवे होज आणि सील.

इंजिन ऑइलचीही अशीच गोष्ट. कॅमशाफ्टचे उंचवटे टॅपेटला प्रचंड दाबाने घासत वर ढकलतात. झीज एकाच जागी होऊ नये म्हणून उंचवट्याला अगदी पुसट उतार दिलेला असतो आणि टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो, त्यामुळे वर-खाली होताना टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो. तरीही त्याला ऑइलमधलं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग लागतं. फॉस्फरसमुळे नव्या गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून आजच्या ऑइलमध्ये ते कमी केलंय. जीटीओच्या मालकाला डब्यावरची बारीक अक्षरं वाचूनच ऑइल घ्यावं लागतं.

पॉन्टिअ‍ॅक हा ब्रँड २०१० मध्ये बंद झाला. तरी या गाड्या धावतात, कारण दारांच्या रबरापासून मडगार्डपर्यंत बरंच काही इतर कारखाने आजही बनवतात, आणि इंजिनातला प्रत्येक निर्णय उघड्या डोळ्यांना दिसणारा, बोटांनी सुधारता येणारा आहे. आजची गाडी कमी पेट्रोल पिते, कमी धूर सोडते, अपघातात माणसाला वाचवते, आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण यंत्र विचार कसा करतं हे शिकायला जीटीओसारखी शाळा नाही.

डेट्रॉइटच्या परिसरात बरीच मराठी कुटुंबं राहतात. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथल्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मोठी जत्रा भरते. तिथे गेलात आणि जीटीओ दिसली, तर मालकाला टॉप स्पीड विचारू नका. टायमिंग किती अंशांवर ठेवलंय ते विचारा. बॉनेट लगेच उघडेल, आणि पुढचा तासभर तुम्ही त्याचे विद्यार्थी असाल.