मित्राला शिकवल्याने पर्सेंटाइल घटते का?

बारावीची परीक्षा तोंडावर आली, की निगडी-प्राधिकरणातील अभ्यासिकांत आणि सोसायट्यांच्या वाहनतळांवर भौतिकशास्त्राच्या वह्या या हातातून त्या हातात फिरू लागतात. 1972 मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने वसवलेल्या या परिसरात अनेक घरांतील वेळापत्रक कारखान्याच्या पाळीवर चालते. रात्री नऊ वाजता एखादे उदाहरण अडले, तर शिकवणीचे सर उपलब्ध नसतात आणि घरात विचारावे असे कोणी असतेच असे नाही. उरतो तो शेजारच्या इमारतीतील वर्गमित्र. मात्र हाच मित्र सीईटीमध्ये प्रतिस्पर्धी असतो. त्याला शिकवले, तर आपण मागे पडू, ही भीती विद्यार्थी सहसा बोलून दाखवीत नाहीत. पालक मात्र दाखवतात.

या भीतीचा हिशेब मांडता येतो. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीत पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रात आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणाऱ्यांचे शेकडा प्रमाण. समजा, एका सत्राला 20 हजार विद्यार्थी बसले आणि आपण शिकवल्यामुळे चार मित्र आपल्या पुढे गेले. चार भागिले 20 हजार, म्हणजे आपले नुकसान 0.02 पर्सेंटाइलचे. तेही चौघे त्याच सत्रात असतील आणि पूर्वी आपल्या मागे असतील, तरच. याउलट, समजावताना आपल्या स्वतःच्या डोक्यातील एक गोंधळ दूर झाला आणि भौतिकशास्त्राच्या 50 प्रश्नांपैकी एक प्रश्न जरी अधिक बरोबर आला, तरी तेवढ्या गुणात कितीतरी विद्यार्थी मागे पडू शकतात.

समजावणाऱ्याचा फायदा नेमका कसा होतो, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. बारावीच्या पुस्तकातील पहिल्याच प्रकरणात सपाट वळणावरून जाणाऱ्या वाहनाचा विषय येतो. वळणाची त्रिज्या 20 मीटर, टायर व रस्ता यांमधील घर्षण गुणांक 0.5, गुरुत्व त्वरण 10 धरायचे. वाहन न घसरता जास्तीत जास्त किती वेगाने जाईल? निगडीहून तळवडेमार्गे चाकणकडे जाणारे कंटेनर रोज पाहणारा मुलगा हमखास म्हणतो, की वाहन जितके जड, तितका वेग कमी हवा. दुसरा मांडणी करून दाखवतो. वळण्यासाठी लागणारे बल म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. घर्षण देऊ शकेल ते कमाल बल म्हणजे गुणांक गुणिले वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण. दोन्हीकडचे वस्तुमान निघून जाते. वेगाचा वर्ग 100, वेग सेकंदाला 10 मीटर, म्हणजेच ताशी 36 किलोमीटर. दुचाकी असो वा कंटेनर, उत्तर तेच.

एकट्याने अभ्यास करणारा येथे पान उलटतो. गटात मात्र तिसरा विचारतो : मग वळणावर उलटतात ते कंटेनरच का? या प्रश्नाने सूत्र पाठ करणाऱ्याची पंचाईत होते. घसरणे आणि उलटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलटण्याचा संबंध वजनाशी नसून गुरुत्वमध्याच्या उंचीशी आहे. चाकांमधील अंतर दोन मीटर आणि माल भरल्यावर गुरुत्वमध्य अडीच मीटर उंचीवर असेल, तर त्याच वळणावर वाहन ताशी सुमारे 32 किलोमीटरलाच कलू लागते. घसरण्याची वेळ येतच नाही. पहिल्या मुलाचे निरीक्षण खरे होते, कारण चुकले होते. हे त्याला शिक्षकाने सांगितले असते, तर त्याने ते उतरवून घेतले असते, इतकेच.

हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी 1991 पासून याच गोष्टीची शिस्तबद्ध पद्धत केली. प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर नोंदवायचे, मग वेगळे उत्तर असलेल्या शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे. साधारण 30 ते 70 टक्के विद्यार्थ्यांचे पहिले उत्तर बरोबर असेल, तेव्हा चर्चेचा उपयोग सर्वाधिक होतो, असा त्यांचा अनुभव. हुशार मुलगा उत्तर सांगतो आणि बाकीचे मान डोलावतात, एवढेच होत असेल, हा आक्षेप स्वाभाविक होता. कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी 2009 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे उत्तर दिले. त्यांनी चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा, पण वेगळा प्रश्न प्रत्येकाला एकट्याने सोडवायला दिला. गुण वाढले, आणि ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर येत नव्हते, तेथेही वाढल्याचे त्यांच्या विश्लेषणात दिसले. तो वर्ग आनुवंशिकीचा होता, भौतिकशास्त्राचा नव्हे, हेही नमूद केले पाहिजे.

सोडवलेल्या वहीचे छायाचित्र काढून मोबाइलवरून पाठवणे या मदतीत मोडत नाही. त्यात वाद नाही, आधी स्वतः दिलेले उत्तर नाही. शिवाय एकाची चूक दहा वह्यांत जाते. मंडळाच्या 70 गुणांच्या लेखी परीक्षेत लॉग टेबल चालते, कॅल्क्युलेटर नाही. त्यामुळे दुसऱ्याने यंत्रावर केलेली आकडेमोड परीक्षेत कामाला येत नाही. (परीक्षागृहाच्या आतील मदतीसाठी तर राज्यात 1982 चा स्वतंत्र कायदा आहे.)

गटात हुशार समजल्या जाणाऱ्यालाच सतत बोलू देणे, हा दुसरा दोष. लेखणी ज्याला येत नाही त्याच्या हाती द्यावी आणि येणाऱ्याने फक्त ‘का?’ विचारावे, ही साधी युक्ती अधिक उपयोगी पडते. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण आकडे बदलून, कोणाशीही न बोलता सोडवावे. वरच्या वळणाची त्रिज्या 45 मीटर करून पाहा. घसरण्याची मर्यादा ताशी 54 किलोमीटर येते. पण वाहन तोच भरलेला कंटेनर असेल, तर 54 लिहून थांबणाऱ्याचे उत्तर चुकले. तो 48 लाच कलू लागलेला असतो.