बाळंतिणीचा रक्तस्राव : थांबायला वेळ नाही

बाळंत झाल्यावर अंगावरून जास्त रक्त जाऊ लागले, तर उपचाराविना बाई दोन तासांतही दगावू शकते. परंड्याच्या वस्तीवरून धाराशिवला पोचण्यातच त्यातला मोठा वेळ जातो. म्हणून कपड्यावर कपडा भिजू लागला, चक्कर आली, हातपाय गार पडले की ‘मालक येऊ द्या’ म्हणत बसू नका. आधी १०८ लावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्भाशय आकसण्याचे इंजेक्शन मिळते. रक्त मात्र तिथे नसते. रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड तीन तासांच्या आतच द्यावे लागते.

बाळंतिणीचा भार बराचसा सरकारने उचलावा, असे बाबासाहेब १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात म्हणाले होते. २०११ पासून सरकारी दवाखान्यात प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त, नेआण सगळे मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागा!

ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर लेकीसुनांनी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे. कोपीवरूनही १०८ लागतो.

१४ एप्रिल, ६ डिसेंबरला आपण रक्तदान शिबिरे घेतो. त्या वहीतल्या दात्यांना विचारून रक्तगटाप्रमाणे त्यांचे फोन नंबर आशाताईंकडे द्यावेत. निगेटिव्ह गटाची नावे सर्वांत वर.