खुंटी कुणाकडे रेलते?

मुलांनो, जत्रेतला तंबू तुम्ही पाहिलाच असेल. भेळ आणि पाळणे बघण्याच्या नादात त्याच्या दोराला पाय अडकून पडलाही असाल! पण तो दोर जिथे संपतो, तिथली लोखंडी खुंटी, म्हणजे मेख, कधी वाकून पाहिलीत का? मीही पाहिली नव्हती. पाहिली असती, तर आमच्या शाळेत जे घडलं ते टळलं असतं.

आमची शाळा माळावर. वर चार बोटं माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याच्याखाली काळा कातळ. दख्खनचा हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हारस. तोच वरून झिजत झिजत मुरूम होतो. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आमच्याकडे बालआनंद मेळावा होता. सावलीसाठी पटांगणात कापडी छत बांधलं. बांबू उभे केले, दोर ताणले, खुंट्या ठोकल्या. त्या निम्म्याच आत गेल्या. मी म्हटलं, "जमीन एवढी कडक आहे, त्या काय हलतात!"

दुपारी वावटळ आली. छत शिडासारखं फुगलं, एक खुंटी उपसली आणि दोराला बांधलेली तशीच हवेत गरगरली. दुसरीतली एक मुलगी पाण्याच्या पिंपाशी वाकली होती. खुंटी तिच्या डोक्यावरून जाऊन पिंपावर आदळली. पिंपाला पोचा आला. मुलगी नुसती दचकली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी गावातले एक बाबा आपणहून शाळेत आले. तरुणपणी ते तमाशाच्या फडाबरोबर फिरायचे. नाचायला नव्हे बरं का, तंबू ठोकायला! दसऱ्याला फड बाहेर पडतात आणि चैत्र-वैशाखात तर आज या गावची यात्रा, उद्या त्या गावची. आज काळी जमीन, उद्या मुरमाड. बाबांनी उपसलेली खुंटी हातात घेतली नि म्हणाले, "बाई, ही उभी ठोकली व्हती. खुंटीनं तंबूपासून लांब, मागं रेलायचं असतं. रस्सीखेचीत पोरं रेलत्यात तसं."

खरी मेख इथेच होती! तुम्ही घरी करून पाहा. डब्यात ओली वाळू दाबून भरा. पेन्सिल तिरपी खोचा आणि वाळूलगत दोरा बांधा. पेन्सिल ज्या बाजूला कलली आहे त्याच बाजूला दोरा वर ओढा. अलगद निघेल. आता उलट बाजूने ओढा. वाळूचा ढीगच उचलायचा म्हटल्यावर जोर लागणारच! म्हणून दोर आणि खुंटी यांच्यात साधारण काटकोन हवा. तुमच्या कंपासपेटीतला गुण्या आठवा.

कडक जमिनीत माझ्यासारखी आणखी एक चूक सगळे करतात. खुंटी अर्धी बाहेर राहते आणि आपण दोर तिच्या डोक्याला बांधतो. मग खुंटीची पहार होते आणि ती स्वतःच स्वतःला उचकटते. दोर नेहमी जमिनीलगत हवा. बाबा तर आदल्या संध्याकाळी पहारीने भोक पाडून त्यात पाणी ओतून ठेवायचे. रात्रभरात मुरूम नरम होतो. काळ्या मातीत मात्र हे करू नका. तिथे लोणी होतं! ठोकताना 'ठण्' आवाज येऊन खुंटी उसळली, तर खाली दगड आहे. हट्ट न करता वीतभर सरकायचं. एक खुंटी पुरेशी वाटत नसेल, तर तिच्यामागे त्याच रेषेत दुसरी ठोकायची आणि पहिलीचं डोकं दुसरीच्या पायाशी बांधायचं. (ठोकायचं काम मोठ्यांचं. पालकांनो, लोखंडाचे कण उडतात, डोळे सांभाळा.)

आणि खुंटी शिरतच नसेल तर? मुंबईत मंडपासाठी रस्त्याला खड्डा पाडला, तर महापालिका दंड करते. तिथे वजनावर भागवावं लागतं. पण पाण्याचा वीस लिटरचा डबा म्हणजे वीसच किलो. तुमचे बाबा एका हाताने उचलतात तो वाऱ्याला का नाही उचलता येणार? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. म्हणून वजन भरपूर हवं आणि दोर लांब, जमिनीकडे झुकलेला हवा. सुती दोर असेल तर पावसात तो आखडतो आणि खुंट्याच ओढून काढतो. थेंब पडायला लागले की सैल करायचा.

यंदाच्या मेळाव्याला सोळा खुंट्या बाबांच्या देखरेखीखाली ठोकल्या. दोन वाजता पश्चिमेला धुळीचा लोट दिसला. बाबा ओरडले, "छत उतरवा आधी!" मला नवल वाटलं. एवढ्या पक्क्या खुंट्या, आणि तरी? पण बाबा ऐकेनात. मुलांना वर्गात पाठवलं, कापड खाली घेतलं आणि वारा मोकळ्या बांबूंमधून निघून गेला.

संध्याकाळी खुंट्या गोळा केल्या, तर पंधराच भरल्या. आमची मुलं पटांगणात अनवाणी खेळतात. बाबांनी कुणालाच घरी सोडलं नाही. आम्ही सगळे बॅटऱ्या घेऊन, हाताला हात धरून, ओळीने मैदान चालत गेलो. सोळावी सापडली तेव्हा सव्वासात वाजले होते. ती दुसरीतली मुलगी, आता चौथीत आहे, तिलाच ती दिसली.